होळीच्या आत मुळं धरली पाहिजेत: सोलापूरच्या उन्हात भाजीची रोपं

थंड देशांतली बागकामाची पुस्तकं सांगतात, हिमाचे दिवस सरले की घरात वाढवलेली रोपं बाहेर काढा. त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे, तिथे रोपाला भीती गारठ्याची. सोलापुरात रोप मरतं ते मार्चच्या उन्हानं आणि त्याच्या जोडीला सुटणाऱ्या कोरड्या वाऱ्यानं. त्यामुळे आपलं वेळापत्रक उलटीकडून मांडावं लागतं. ऊन तापायच्या आत मुळं मातीत खोल गेलेली हवीत. तिथून मागे मोजत यायचं आणि बी कधी टाकायचं ते ठरवायचं.

मी जुळे सोलापुरात राहते. घराची गच्ची आणि घराला लागून असलेली काळ्या मातीची छोटी पट्टी, एवढीच माझी बाग. माहेर बार्शीकडचं, त्यामुळे गादीवाफ्यावर टाकलेली वांग्या-मिरचीची रोपं लहानपणापासून बघत आले. आमच्या गल्लीत दरवर्षी माझी रोपं वाटली जातात आणि नेणाऱ्या बायका दोन आठवड्यांनी विचारायला येतात, "ताई, तुमच्याकडे छान होतं, आमच्याकडे नेल्यावर का वाळलं?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

कधी टाकायचं

टोमॅटोचं बी डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, धनुर्मासात टाका. एवढी घाई का, ते नीट समजून घ्या. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचा २२-२४ च्या वर राहू लागला की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. झाड हिरवंगार दिसतं, फुलं भरपूर येतात, फळ मात्र धरत नाही. सोलापुरात मार्चमध्ये पारा सहज ३७-३८ ला जातो, एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडतो. म्हणजे टोमॅटोला फळधारणेसाठी फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चची सुरुवात एवढीच खिडकी मिळते. फुलं त्या वेळेला यायला हवीत तर रोप जानेवारीच्या अखेरीला मातीत गेलंच पाहिजे.

मिरची आणि वांगी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत टाकली तरी चालतात. होम मैदानावर पाळणे उभे राहिले आणि तुमचं मिरचीचं बी अजून पाकिटातच असेल, तर यात्रेतून परत आल्यावर त्याच दिवशी टाका. मिरचीचं रोप लावणीला यायला चाळीसेक दिवस घेतं, वांग्याचं तीस-पस्तीस, टोमॅटोचं पंचवीस ते तीस. कडक थंडी असेल तर त्यावर आठवडा वाढतो. या हिशोबानं वांगी-मिरची महाशिवरात्रीच्या आगेमागे लावणीला येतात आणि होळीपर्यंत त्यांची मुळं धरलेली असतात.

काकडी, दोडका, कारलं, दुधी यांचं बी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात छोट्या पिशव्यांत टोकायचं. ही वेलवर्गीय रोपं पंधरा दिवसांत लावायला येतात, दोन-तीन पानांवर. त्यांच्या मुळांना धक्का सहन होत नाही, म्हणून ती कप्प्यांच्या ट्रेपेक्षा पिशवीत बरी. भेंडी, गवार, चवळी यांची रोपं करण्याच्या भानगडीत पडू नका, ती थेट जागेवर टोकायची. अंबाडीचंही तसंच. आमच्या शेजारी मूळच्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक अक्का राहतात, त्यांच्याकडे अंबाडीला पुंटीकूरा म्हणतात आणि तिच्याशिवाय त्यांचा उन्हाळा सरत नाही. त्या बी नुसतं ओल्या मातीत फेकून वरून हात फिरवतात, तेवढं पुरतं.

मार्च उजाडल्यावर ज्यांना बाग आठवते त्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे. त्या वेळी बी टाकत बसू नका. रोपवाटिकेतून वांग्याची तयार रोपं आणा, ती उन्हाला त्यातल्या त्यात काटक असतात. टोमॅटो पावसाळ्यावर सोडा.

बी कोणतं

घरच्या बागेसाठी टोमॅटोची अर्का रक्षक ही जात मला पसंत आहे. बंगळुरूच्या भारतीय उद्यान संशोधन संस्थेनं काढलेला हा संकरित वाण. पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो तोंड देतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पांढरी माशी भरपूर, तिच्यामुळे पानं वळणारा विषाणू येतो, म्हणून हा गुण मोलाचा. मात्र संकरित असल्यामुळे त्याच्या फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावू नका, तसंच झाड येणार नाही. बी धरायचंच असेल तर पुसा रुबी लावा.

मिरचीत पुसा ज्वाला किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले ज्योती. वांग्यात भरतासाठी आणि रश्श्यासाठी मांजरी गोटा, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर भरलं वांगं खायचं तर लहान काटेरी वांग्याचं गावरान बी शोधा. ते बहुतेक वेळा गावाकडून कुणाच्या तरी पिशवीतूनच येतं, आणि मिळालं की पुढच्या वर्षासाठी चार फळं झाडावर पिवळी होईपर्यंत राखून ठेवा.

पाकिटाच्या मागची तारीख आणि उगवणक्षमता वाचा. मिरचीच्या बियाण्यासाठी किमान प्रमाणच ६० टक्के आहे, टोमॅटो-वांग्यासाठी ७० टक्के. म्हणजे मिरचीची दहा रोपं हवी असतील तर वीस बिया टाका. शिवाय लावणीनंतर नांग्या, म्हणजे रोप न धरलेल्या रिकाम्या जागा, भरायलाही चार रोपं हाताशी लागतात.

कशात आणि कशावर

काळी माती ही आपल्या जिल्ह्याची लक्ष्मी, मालदांडी ज्वारी तिच्यावरच पिकते. पण ट्रेच्या बोटभर कप्प्यात ती भरू नका. ओली असताना चिकटते, वाळली की आक्रसून भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. ट्रेसाठी दोन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि एक भाग नीट कुजलेलं, चाळलेलं गांडूळखत घ्या. ६५० ग्रॅमची कोकोपीटची छोटी वीट भिजवली की ९८ कप्प्यांच्या दोन ट्रेंना पुरते. घरच्यासाठी ५० कप्प्यांचा, थोडा खोल ट्रे मिळाला तर तोच घ्या. मुळाला जितकी खोली मिळेल तितकं रोप पुढे उन्हात टिकतं.

कोकोपीट भिजवून एकदा पाणी काढून टाकलं की लोक थांबतात. दोन-तीन वेळा धुवा, त्यात क्षार असतात. आणि धुवायला बोअरचं जड पाणी वापरू नका. सोलापुरात अनेक घरी बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो, तोच थर कोकोपीटवर आणि पुढे पानांच्या कडांवर दिसतो. कडा करपल्यासारख्या होतात आणि माणूस रोगाची औषधं शोधत बसतो. नळाला रोज पाणी येत नाही हे आपल्याला ठाऊकच आहे, म्हणून रोपांसाठी नळाच्या पाण्याचा एक झाकणाचा ड्रम वेगळा ठेवा. दोन ट्रेंना दिवसाला तांब्या-दोन तांबे पाणी लागतं, ड्रम बरेच दिवस जातो.

जमिनीवरच करायचं असेल तर गादीवाफा करा, भुईपासून वीतभर उंच, म्हणजे पाणी साठणार नाही. वाफ्यात चांगलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा, बोटभर अंतरावर ओळी ओढून बी टाका, वर बारीक खताचा पातळ थर. ओळीत बी पातळ पडलं पाहिजे, दाट पडलं की रोपं एकमेकांच्या सावलीत उंच आणि लेचीपेची होतात.

बी टाकणं आणि उगवण

टाकण्याआधी बियांना चिमूटभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणाऱ्या उपयोगी बुरशीची पूड, चोळा. किलोला पाच ग्रॅम हे प्रमाण, घरच्या चिमूटभर बियांना बोटाला लागेल एवढी पूड पुरते. मिरचीचं बी त्याआधी तीन-चार तास कोमट पाण्यात ठेवलं तर उगवण एकसारखी होते. कारल्याचं कवच टणक, ते रात्रभर भिजवून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि मोड फुटला की टोका. त्यासाठी आपल्या इथल्या टर्किश टॉवेलचा तुकडा उत्तम, ओल धरून ठेवतो आणि आतून हवाही खेळती राहते.

बी अर्धा सेंटिमीटर खोल, वेलवर्गीयांचं दोन सेंटिमीटर. कप्प्यात एकच बी. वरून हलकं कोकोपीट भुरभुरा, झारीनं पाणी द्या, ट्रे एकावर एक ठेवून प्लास्टिकनं झाका. आता ऊब पाहिजे. टोमॅटोला २० ते ३० अंश, मिरची-वांग्याला २५ ते ३० अंश मानवतात. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरची रात्र पंधरा अंशांपर्यंत उतरते, म्हणून झाकलेले ट्रे घरातच ठेवा. स्वयंपाकघरातला वरचा फडताळ चांगला. दिवसा पत्र्याच्या खोलीत ठेवलं तर आणखी लवकर उगवतं, फक्त दुपारी हात लावून बघा, प्लास्टिकच्या आत वाफ कोंडली तर बी शिजतं. टोमॅटो पाच ते आठ दिवसांत डोकं वर काढतो, वांगी आठ-दहा दिवसांत, मिरची कधी कधी दोन आठवडे लावते. मिरचीसाठी धीर धरा, उकरून बघू नका.

पहिले चार-पाच कोंब दिसले की प्लास्टिक काढायचं आणि ट्रे त्याच दिवशी उजेडात आणायचा. उरलेले उगवायची वाट बघत झाकण ठेवलं तर आधी उगवलेली रोपं एका रात्रीत बोटभर लांब होतात, पांढुरकी आणि वाकलेली. तशी रोपं पुढे कितीही सांभाळली तरी खोड भरत नाही. खिडकीतला उजेडही पुरत नाही. गच्चीच्या पूर्वेकडच्या कठड्याशी, जिथे सकाळी आठपासून दहापर्यंतचं ऊन पोचतं आणि नंतर सावली येते, अशी जागा शोधा. रात्री फार गारठा असेल तर ट्रे आत घ्या.

वरती मच्छरदाणीहून बारीक विणीचं जाळीचं कापड ताणून बांधा, चारी बाजूंनी बंद. हे काम फालतू वाटतं पण मी त्याशिवाय ट्रे बाहेर ठेवतच नाही. चिमण्या आणि बुलबुल कोवळी पानं खुडतात ते एक, पण खरं कारण पांढरी माशी आणि फुलकिडे. मिरचीचा चुरडामुरडा, टोमॅटोचा पर्णगुच्छ, या दोन्हींची लागण बहुतेक वेळा रोपावस्थेतच होते आणि दिसते महिन्याभरानं, बागेत. मग त्यावर उपाय नसतो, झाड उपटावंच लागतं.

पाणी सकाळी द्या. कोकोपीट वरून वाळलेलं दिसतं आणि आत ओलं असतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका, ट्रे उचलून बघा. हलका लागला की परातीत दोन बोटं पाणी घेऊन ट्रे त्यात दहा मिनिटं ठेवा, खालून ओढून घेईल. संध्याकाळी वरून पाणी मारून रात्रभर ओलं ठेवलं की बुरशी येते, खोड मातीलगत तपकिरी आणि बारीक होतं आणि रोप आडवं पडतं. तशी रोपं कप्प्यासकट काढून टाका, उरलेल्यांचं पाणी एक दिवस तोडा, वारा लागू द्या.

दोन खरी पानं आली की आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, किंवा पातळ गांडूळपाणी. जास्त नको. खताच्या जोरावर वाढलेलं रोप दिसायला देखणं असतं, पण त्याची पानं मऊ आणि पाणीदार राहतात. सोलापूरच्या उन्हाला ती अजिबात टिकत नाहीत.

उन्हाची सवय

गल्लीतल्या बायकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. रोप माझ्याकडून सावलीतून नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता गच्चीवर लावलं, आणि तिसऱ्या दिवशी पानांवर कागदासारखे पांढरे डाग. ते रोग नाहीत, पान भाजलंय. सावलीत तयार झालेल्या पानाची त्वचा पातळ असते, तिच्यावर मेणाचा थर कमी असतो आणि पाणी उडून जाणं तिला आवरत नाही. हा थर ऊन-वारा थोडा थोडा अंगावर घेतच तयार होतो, आणि नवीन पानं त्या तयारीनंच येतात. म्हणून किमान आठवडा, जमलं तर दहा दिवस द्या. घाई करून वाचलेला आठवडा नंतर रोप मान टाकून वसूल करतं.

फेब्रुवारीत मी असं करते. पहिले दोन दिवस सकाळचं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत, मग निम्मं ऊन अडवणाऱ्या, ५० टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी साडेदहापर्यंत. त्यानंतर दिवसाआड तासभर वाढवत न्यायचं. सहाव्या-सातव्या दिवशी दुपारी बारा ते तीन सोडून बाकी सगळं ऊन. शेवटचे दोन दिवस पूर्ण दिवस उघड्यावर, रात्रीसुद्धा. मार्चमध्ये हे करायची वेळ आली तर दुपारी बारा ते चार नेट शेवटपर्यंत ठेवा, त्या उन्हाची सवय कोवळ्या रोपाला होत नसते.

उन्हापेक्षा वाऱ्याकडे लोकांचं कमी लक्ष असतं. दुपारी गच्चीवर जो कोरडा वारा वाहतो तो ट्रेमधलं पाणी तासाभरात संपवतो. म्हणून सुरुवातीचे दिवस ट्रे कठड्याच्या आडोशाला, खाली विटा ठेवून. विटा यासाठी की स्लॅब तापतो आणि खालून मुळं भाजतात. शेवटच्या तीन-चार दिवसांत मात्र आडोसा काढा. वाऱ्यानं हललेलं खोड जाड होतं. रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवला तरी तोच परिणाम होतो, मला ते काम फार आवडतं, टोमॅटोच्या पानांचा वास दिवसभर हाताला राहतो.

याच काळात पाणी हळूहळू कमी करा. बंद करू नका. पानं किंचित सैल पडली की पाणी, हा नियम. शेंडा मान टाकेपर्यंत थांबलात तर रोप खचतं आणि पुढे फुलोरा लवकर येऊन झाड खुजं राहतं. खतही आता थांबवा.

रोप तयार झालं की ओळखू येतं. पानाचा हिरवा रंग गडद होतो, पान बोटांना जाडसर लागतं, टोमॅटोच्या खोडावर जांभळी झाक येते. खोड बोटानं वाकवून सोडलं की परत सरळ होतं. ट्रेच्या खालून कप्पा दाबून वर काढला तर मुळांचा गोळा अख्खा बाहेर येतो, माती झडत नाही. पाच-सहा पानं आणि बारा ते पंधरा सेंटिमीटर उंची पुरे. याहून मोठं रोप लावायला हौस वाटते, पण त्याच्या पानांना जेवढं पाणी लागतं तेवढं त्याची मुळं देऊ शकत नाहीत.

सावलीसाठी घरातलं काही वापरायचं असेल तर जुनं पांढरं धोतर किंवा सुती साडी चालते. जुनी सोलापुरी चादर नको, ती जाड विणीची, तिच्यातून ना उजेड जातो ना वारा.

लावणी

जागा आधी तयार ठेवा. जमिनीत शेणखत मिसळून आदल्या दिवशी पाणी देऊन वाफसा आणायचा, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी. काळ्या मातीत चिखलात रोप लावलं तर वाळताना माती मुळाभोवती विटेसारखी आवळते. पिशवीत लावत असाल तर माती, शेणखत आणि कोकोपीट सारख्या भागानं घ्या. टोमॅटो-वांग्याला १५ इंची पिशवी, मिरचीला १२ इंची चालते. काळी पिशवी सोलापुरात घेऊ नका, दुपारी तिच्या बाजूची माती हात लावू देत नाही. पांढरी घ्या, किंवा रंगाची रिकामी बादली असेल तर बाहेरून चुना फासा.

लावणी संध्याकाळी, पाच नंतर. त्या रोपाला सगळी रात्र मिळते सावरायला. दुपारी ट्रेला भरपूर पाणी द्या म्हणजे गोळा सुटणार नाही. टोमॅटो खालच्या दोन पानांपर्यंत खोल लावा, त्याच्या खोडाला मातीत नवीन मुळं फुटतात, उन्हाळ्यात तीच मुळं कामाला येतात. वांगी आणि मिरची ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर. जमिनीत वांग्याला दोन झाडांत दोन-अडीच फूट, टोमॅटो-मिरचीला दीड-दोन फूट अंतर. माती दाबून आळं करा, लगेच पाणी.

पुढचे चार-पाच दिवस प्रत्येक रोपाच्या पश्चिमेला कडुलिंबाचा पानांचा डहाळा खोचा. माहेरी हेच करायचे आणि शेडनेटच्या काळातही मी तेच करते. दुपारचं तिरकं ऊन अडतं, सकाळचं मिळतं, वरचा वारा मोकळा राहतो. डहाळ्याची पानं वाळून गळतात तसतशी सावली आपोआप विरळ होत जाते. तिसऱ्या दिवशी आंबवणी, म्हणजे लावणीनंतरचं दुसरं पाणी, द्या. आठवड्यात जी रोपं धरली नाहीत तिथे राखलेल्या रोपांनी नांग्या भरा, उशीर केला तर मागाहून लावलेलं रोप मागेच राहतं.

आच्छादन आणि पाणी

हे काम लावणीच्या दुसऱ्या दिवशीच करा. उघडी काळी माती मार्चमध्ये भेगाळते आणि भेगेतून ओल निघून जाते. आपल्या जिल्ह्यात उसाचं पाचट मिळायला अडचण नाही. कडब्याचा भुसा, किंवा शेंगा फोडून झाल्यावर उरलेली टरफलं, काहीही चालतं. शेंगाचटणीच्या गावात टरफलांना तोटा नाही, आणि पिशवीत ती पाचटापेक्षा नीट बसतात. चार बोटं जाड थर, खोडापासून दोन बोटं लांब. जमिनीवर पाचट घातलं तर मधूनमधून उचलून वाळवी लागली नाही ना ते बघा.

जमिनीतल्या झाडांसाठी कमी भाजलेलं, पाझरणारं मडकं घ्या, गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकणी, भोवती तीन-चार रोपं. चार-पाच लिटरचं मडकं माती कोरडी झाली तसं झिरपत राहतं आणि मुळं त्याच्याभोवती गोळा होतात. गच्चीवर, गावाला जायचं असलं की टर्किश टॉवेलच्या लांब पट्ट्या कापते. एक टोक पाण्याच्या बादलीत, दुसरं पिशवीच्या मातीत बोटभर खोल. बादली पिशवीपेक्षा जरा उंच ठेवायची. निघायच्या आदल्या दिवशी लावून किती पाणी ओढलं ते पाहून घ्या आणि पट्टीची रुंदी कमी-जास्त करा.

टोमॅटोला वीतभर झाल्यावर आधार द्या, तुरीच्या वाळलेल्या तुराट्या सगळ्यात चांगल्या. बागेच्या कडेनं चार झेंडू लावा, ते मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आवरतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला झेंडूच्या फुलांकडे जाते. मावा-तुडतुडे दिसले की पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळलेली, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारायची. मार्च-एप्रिलमध्ये आभाळ भरून आलं तर शेडनेट पुन्हा ताणा, अवकाळीत गारा पडल्या तर तेवढंच वाचवतं.

मार्चच्या मध्यानंतर टोमॅटोची फुलं गळू लागतील, तेव्हा असलेली फळं पिकू द्या आणि झाड काढा. मिरचीवर नेट ठेवून ती तगवता येते, फळ थोडं कमी मिळेल. वांग्याला मेच्या शेवटच्या आठवड्यात जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, कापलेल्या जागी शेणाचा लेप द्या, आळ्यात शेणखताची एक पाटी. मृगाचा पाऊस पडला की त्याच खोडाला नवे फुटवे येतात आणि श्रावणात पुन्हा वांगी लागतात. पावसाळी मिरची-टोमॅटोचं बीही त्याच आठवड्यात टाकायचं. फक्त तेव्हा ट्रे दिवसभर नेटखाली, आणि बारीक जाळी तशीच चारी बाजूंनी बांधलेली.